गव्हाणीपुरती जागा

नोव्हेंबर सरत आला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. माळेगाव, सोमेश्वरच्या साखर कारखान्यांची धुराडी रात्रंदिवस धगधगत असतात. इंदापूरकडचा द्राक्ष बागायतदार ढगाळ हवेकडे पाहत भुरीच्या धास्तीने फवारण्या करतो. औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या तर कधीच थांबत नाहीत.

नेमक्या याच धामधुमीत ख्रिस्ती कुटुंबांचा आगमनकाळ येतो. 30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि नाताळपर्यंतचे चार रविवार चालतो. हे दिवस अंतर्मुख होऊन प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचे. पण घराची रंगसफेदी, करंज्या, मुलांचे कपडे, कॅरलचा सराव आणि हातातला मोबाइल यांत ते कसे उलटतात, कळतही नाही. नाताळची तयारी पुरी होते, मनाची तेवढी राहून जाते.

कामे कमी करा, असे सांगणे सोपे आहे. रात्रपाळीच्या कामगाराला किंवा घर आणि शाळा दोन्ही सांभाळणाऱ्या शिक्षिकेला त्याचा काय उपयोग? लूकच्या शुभवर्तमानातले पहिले नाताळ तरी निवांत कुठे होते? योसेफ आणि मरिया सरकारी नावनोंदणीसाठी बेथलेहेमला आले होते. उतारशाळेत जागा नव्हती. जन्माची वार्ता पहिल्यांदा कळली, ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. लांडग्याच्या भीतीने वाड्याभोवती रात्र जागवणारा मेंढपाळ या दोन तालुक्यांना परका नाही. बेथलेहेमचे ते मेंढपाळही कामावरच होते. पण जागे होते.

शेजारच्या दौंड तालुक्यातले केडगाव याची साक्ष देते. 1896-97 च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी तिथे शेकडो निराधार स्त्रिया आणि मुलींचा संसार उभा केला. शेती, विहिरी, छापखाना, शाळा, सगळ्यांवर त्यांची देखरेख असे. त्या व्यापातच त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले होते. मोकळा वेळ मिळेल तेव्हा करू, असे त्या म्हणत बसल्या असत्या, तर ते कधीच झाले नसते.

आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवावा, एक मेणबत्ती लावावी, घरातल्या एकाने शास्त्रपाठ वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. रात्रपाळी असेल त्याच्यासाठी हेच पहाटे व्हावे. वेळ थोडी असली तरी चालेल. ती ठरलेली हवी.

आणि रोज जाता-येता दिसणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कोपींकडेही एकदा थांबून पाहावे. डिसेंबरच्या थंडीत तिथेही तान्ही मुले निजलेली असतात. एखादे पांघरूण, करंज्यांचा एक डबा नाताळच्या आधी तिकडे पोचला, तर उतारशाळेत जागा नव्हती हे वाक्य आपण नीट वाचले, असे म्हणता येईल.