इसार घेतला की गाडी दारात आली पाहिजे

शनिवार सकाळ. चहा झालाय, लॅपटॉप उघडलाय, आणि तीन महिने मनात साठवलेला राग आज एकदाचा बाहेर काढायचा आहे. थोडं तिखट होईल. चालवून घ्या.

तर झालं असं. आई-बाबांना अंदमान दाखवायचं हे माझं पहिल्या पगारापासूनचं ठरलेलं. आमचं गाव सेलू तालुक्यातलं, जिल्हा परभणी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची हे त्यांचं स्वप्न, आणि ते पहिल्याच दिवशी पूर्ण झालं. आईचं स्वप्न मात्र वेगळं. तिला कुणीतरी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांचे फोटो दाखवले होते. "होडीत बसून झाडाझाडातनं जायचं म्हणे," एवढंच ती विमानात बसल्यापासून म्हणत होती.

बाराटांगला जायचं म्हणजे मुक्काम सोडून भल्या पहाटे निघावं लागतं. (मुक्काम म्हणजे पोर्ट ब्लेअर. 2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम.) वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल आहे. तिथून गाड्या मनाला येईल तेव्हा जाऊ शकत नाहीत. जिर्काटांगच्या नाक्यावरून ठरावीक वेळी ताफा सुटतो, त्यातच जायचं. पहाटेचा पहिला ताफा चुकला की गुहा बघून त्याच दिवशी परतायचं गणित बिघडत जातं.

म्हणून मी शहाण्यासारखी दोन आठवडे आधीच गाडी बुक केली. ऑनलाइन, ड्रायव्हरसकट, पूर्ण 4,800 रुपये भरून. पडद्यावर लाल अक्षरांत "फक्त 1 गाडी शिल्लक!" आणि पैसे भरल्यावर हिरवीगार बरोबरची खूण. "बुकिंग कन्फर्म्ड." मी बाबांना म्हटलं, गाडी पक्की.

पहाटे साडेतीनला आम्ही तिघं हॉटेलच्या पायरीवर बसलेलो. आईच्या हातात थालीपिठाचा डबा. चार वाजले. सव्वाचार. दिलेला ड्रायव्हरचा नंबर बंद. कंपनीच्या नंबरवर गाणं वाजतंय. पाच वाजता मेसेज आला, "काही कारणास्तव आपले बुकिंग रद्द करण्यात आले आहे. रक्कम आपल्या वॉलेटमध्ये जमा केली आहे." वॉलेटमध्ये! म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा यांच्याकडेच फसायला या.

बाबा म्हणाले, "काय करायलास रे? तू तर म्हणलास गाडी पक्की झाली म्हणून."

दुसऱ्या गाडीची सोय होईपर्यंत दहा वाजले. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. आई फक्त "राहू दे, समुद्र तर बघितला की" एवढंच म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे गाडी चुकली तर माणूस अडकून पडत नाही. परभणीला जंक्शन आहे, एसटी स्टँड आहे, आणि काहीच नाही तर कुणाचा तरी चुलतभाऊ जीप घेऊन येतो. बेटावर ते इतकं सोपं नाही, आणि पहाटे चार वाजता तर अजिबात नाही. तिथे "कन्फर्म्ड" या एका शब्दावर माणूस सगळा दिवस टाकतो.

आणि हा शब्द खोटा असतो. हे मी प्रवासी म्हणून सांगत नाही, इंजिनिअर म्हणून सांगतोय.

अशा अनेक साइट्सकडे स्वतःची एकही गाडी नसते. तुम्ही पैसे भरता तेव्हा त्यांच्या डेटाबेसमध्ये एक ओळ पडते, एवढंच. मग ती विनंती तिथल्या गाडीवाल्यांकडे जाते. त्या दिवशी ज्या ड्रायव्हरने आम्हाला शहरात फिरवलं, तो सांगत होता की असे मेसेज आदल्या रात्री येतात, भाव इतका पाडलेला असतो की कुणी हात लावत नाही. म्हणजे आमची गाडी रद्द झालीच नव्हती. ती कधी अस्तित्वातच नव्हती! "फक्त 1 गाडी शिल्लक" असं जे लिहिलं होतं, तिथे खरा आकडा शून्य होता.

मग "विनंती पाठवली आहे, उत्तराची वाट बघा" असं खरं का लिहीत नाहीत? कारण खरं वाचलं की गिऱ्हाईक दुसरीकडे बघायला जातं. मला हे ठाऊक आहे, कारण चार वर्षांपूर्वी एका बुकिंगच्या प्रोजेक्टवर हेच काम मी स्वतः केलंय. समोरून होकार आलेला नसतानाही पडद्यावर हिरवी खूण दाखवायची, अशी दोन ओळींची दुरुस्ती होती. मी विचारलं, होकार नाहीच आला तर? उत्तर मिळालं, "तो सपोर्ट टीमचा प्रश्न." मी मान हलवली आणि कोड चढवून जेवायला गेलो. कुणाची आई पायरीवर डबा घेऊन बसेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आता गंमत बघा. आमच्याकडे जमिनीच्या आणि बैलांच्या व्यवहारात इसार असतो. आजोबांची एक गोष्ट बाबा नेहमी सांगतात. बाजारात त्यांनी बैलजोडी ठरवली, खिशातले थोडे पैसे इसार म्हणून दिले आणि बाकीचे आणायला गावी गेले. मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाने जास्त भाव लावला. विकणाऱ्याने जोडी दिली नाही. का, तर इसार घेतला होता. घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो आणि देणारा फिरला तर त्याची पत जाते. दोघंही बांधलेले.

आपण इंजिनिअरिंगला टू-फेज कमिट शिकलो, आठवतंय? आधी सगळ्या बाजूंना विचारायचं, तयार आहात का? सगळे हो म्हणाले तरच व्यवहार पक्का, नाहीतर सगळंच मागे. 1970 च्या दशकातलं तंत्र. आजोबांच्या बाजाराला ते नाव माहीत नव्हतं, पण रीत माहीत होती. आणि आपण? एकाच बाजूला बांधणारी बुकिंग बनवली. मी आदल्या दिवशी रद्द केलं असतं तर निम्मे पैसे कापणार होते. त्यांनी दारात यायच्या वेळेनंतर रद्द केलं तर फक्त "क्षमस्व".

कुणी म्हणेल, गाडी बंद पडू शकते, ड्रायव्हर आजारी पडू शकतो. मान्य! त्याला कुणाचा विरोध नाही. पण अडचण आली म्हणून न येणं वेगळं आणि गाडी नसताना "आहे" म्हणून पैसे घेणं वेगळं. कुणी म्हणेल, स्वस्तात मिळतंय मग असंच होणार. अहो, स्वस्त दिसलं म्हणूनच तर खऱ्या गाडीवाल्याला फोन केला नाही!

आणि कायदा याबाबत मुका नाही. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत स्पष्ट आहे: कंपनी स्वतःहून एकतर्फी रद्द करताना जेवढा भुर्दंड सोसत नसेल, तेवढा ग्राहकावरही लादू शकत नाही. म्हणजे इसाराचीच रीत, सरकारी भाषेत. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हेही त्यातच. खोटी घाई दाखवून विकणं हा प्रकार 2023 च्या डार्क पॅटर्न्सविरुद्धच्या मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं. तक्रारीसाठी अंदमानला जावं लागत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. आधी 1915 ही हेल्पलाइन आहेच. पैसे बाबांच्या खात्यातून गेले होते (कार्ड त्यांचं, हट्टही त्यांचाच), म्हणून तक्रारदार तेच आणि आयोग परभणीचा. बाबांनी कागदांची फाइल मास्तरांच्या शिस्तीने लावलीय. निकाल लागायचा आहे. 4,800 रुपयांसाठी एवढं? असं ऑफिसात एकाने विचारलं. 4,800 साठी नाही रे बाबा, त्या हिरव्या खुणेसाठी.

बाकी तुम्हाला, म्हणजे आपल्याच जातकुळीतल्या कीबोर्डवाल्यांना, एकच सांगणं. पुढच्या वेळी कुणी "होकार आला नसला तरी कन्फर्म्ड दाखव" म्हणालं, तर मान हलवायच्या आधी लेखी विचारा, आणि नाही म्हणा. मी तेव्हा म्हटलं नाही. गेल्या महिन्यात असाच विषय निघाला तेव्हा म्हटलं. मीटिंग अर्धा तास लांबली आणि शेवटी पडद्यावर "उत्तराची वाट बघत आहोत" असं आलं. नोकरी शाबूत आहे.

आईला पुढच्या हिवाळ्यात पुन्हा न्यायचंय. त्या ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवलाय. इसार त्यालाच पाठवणार.