डब्याचं व्हायोलिन आणि टाळ्या वाजवणारे हात



परवा एका हॉलमध्ये 'लँडफिल हार्मोनिक' हा २०१५ सालचा माहितीपट बघितला. पॅराग्वे देशातल्या पोरापोरींच्या ऑर्केस्ट्रावरचा. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतली सुखवस्तू मंडळी रुमालानं डोळे पुसत होती. एक बाई म्हणाल्या, 'काही नसताना पोरं किती आनंदी आहेत बघा!' माझं डोकंच फिरलं. म्हणून हे लिहितोय.

असुन्सिओन ही पॅराग्वेची राजधानी. अख्ख्या शहराची घाण जिथं पडते ते कातेउरा. तिथली माणसं हातात आकडा घेऊन कचरा उपसतात. त्यांना गांचेरो म्हणतात. २००६ च्या सुमारास फावियो चावेस नावाचा पर्यावरण तंत्रज्ञ कामासाठी तिथं आला आणि पोरांना संगीत शिकवायला लागला. पोरं ढीगभर, वाद्यं चारदोन. खरं व्हायोलिन तिथल्या घरापेक्षा महाग. झोपडीत ठेवलं तर चोरीला जाणार. मग निकोलास गोमेस या कचरा वेचणाऱ्या कसबी माणसानं वाद्यं बनवली. तेलाच्या पिंपाचा चेलो. रंगाच्या डब्याचं व्हायोलिन, त्याला जेवायचा काटा. गटाराच्या पाइपचा सॅक्सोफोन, त्याला बुचं आणि नाणी. ढोलाला कातड्याऐवजी एक्स-रेची फिल्म.

आदा रिओस ही त्यातली व्हायोलिनवाली पोरगी. तिच्या आजीनं तिचं नाव वर्गात घातलं. आता विचार करा. जिची अख्खी वस्ती दुर्गंधीच्या नावानं ओळखली जाते, ती पोरगी रांगेत ताठ बसते. हाताच्या खुणेवर सगळ्यांबरोबर गज उचलते. शेजारच्याचं ऐकल्याशिवाय आपलं वाजवता येत नाही, हे शिकते. तेरा-चौदाव्या वर्षी हे अंगात भिनलं की माणूस पुन्हा वाकत नाही. गोमेसच्या हाताला आणि या पोरीच्या बोटांना माझा जय भीम.

पण टाळ्या कुणाला पडतात? बोटांना नाही, डब्याला पडतात. २०१४ मध्ये ही पोरं मेटालिका या जगप्रसिद्ध बँडबरोबर दौऱ्यावर गेली. त्याच वर्षी पॅराग्वे नदीचा पूर त्यांच्या वस्तीत घुसला. घरं पाण्यात गेली. टाळ्यांनी पाणी अडत नाही, बाबांनो.

आणि कचऱ्यातून संगीत ही गोष्ट आम्हाला कोण शिकवतो? गावानं टाकलेलं मेलं जनावर आमच्या बापजाद्यांनी ओढलं, सोललं, कातडं कमावलं, वाद्यावर चढवलं. त्या हलगीवर गावाची लग्नं लागली, जत्रा नाचल्या. वाजवणारा मात्र मांडवाबाहेर. तेव्हा एकाही रुमालाला डोळे सापडले नाहीत. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडायला लागला. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली, शहरभर धूर झाला, तेव्हा कुठं बाकीच्या मुंबईला देवनार दिसलं. त्या डोंगराखाली कोण राहतं, कचरा कोण वेचतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्यातलेही काही म्हणतात, व्हायोलिन हे पांढरपेशांचं फॅड, आपल्या पोरांना डफ-हलगीच बरी. का? कोणी ठरवलं? जातीनं हातात दिलं तेवढंच वाजवायचं, हाच तर गावगाड्याचा कायदा होता. हलगी आपली आहेच. ती आम्ही वाजवू तेव्हा स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या मोर्च्यात वाजवू. आणि देवनारच्या पोरीला चेलो वाजवावासा वाटला तर तिला लाकडाचा, चार तारांचा, खराखुरा चेलो पाहिजे. पिंपाचा का म्हणून? महापालिकेच्या शाळेत संगीताचा मास्तर पाहिजे. आठ बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, तिथं रियाज कुठं करणार? म्हणून संध्याकाळी शाळेचा एक वर्ग उघडा पाहिजे. मेरिट मेरिट म्हणून बोंबलणाऱ्यांनी आधी हिशेब द्यावा, की त्यांच्या पोराच्या वाद्याला, शिकवणीला आणि बंद दाराच्या खोलीला किती पैसे लागले.

आमच्या दारिद्र्याचं कौतुक करू नका. त्यावर रडूही नका. वाद्य द्या, मास्तर द्या, जागा द्या, आणि तो कचऱ्याचा डोंगर आमच्या उशापासून हलवा. मग पोरं काय वाजवतात ते ऐका. तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

जय भीम.