अपघातानंतरचे अनुदान आणि अपघातापूर्वीची दक्षता

भंडारा हा वैनगंगेचा, तलावांचा आणि धानाचा जिल्हा. रोवणीपासून मळणीपर्यंत येथील शेतकऱ्यास चिखल, वीज, विषारी औषधे आणि यंत्रे यांच्या सान्निध्यात राबावे लागते. या कामात होणारा अपघात ही दैवाची करणी होय, अशी समजूत मात्र अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. ती जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

महाराष्ट्र शासनाने २०१५-१६ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना राबविली. परंतु विम्याचे दावे रेंगाळत, काही नाकारले जात. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये तिच्या जागी सानुग्रह अनुदानाची योजना आली व साहाय्य थेट शासनाकडून मिळू लागले. मृत्यू ओढवल्यास, अथवा दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये देण्याची तरतूद तीत आहे. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती तिच्या कक्षेत येते. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, विषबाधा, पाण्यात बुडणे या कारणांचा तीत समावेश आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विनाविलंब करावयाचा असतो.

ही योजना निःसंशय उपकारक आहे. तथापि तिच्या दोन मर्यादा ध्यानी घेतल्या पाहिजेत. गेलेला जीव किंवा तुटलेला हात रुपयांनी परत येत नाही, ही पहिली. दुसरी अशी की, ज्याच्या नावावर शेतच नाही असा भूमिहीन मजूर या योजनेत बसत नाही. बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये अशा मजूरच पुष्कळ असतात. अपघात टाळण्यासाठी खर्च केलेला पैसा मात्र मालक आणि मजूर असा भेद करीत नाही.

म्हणून शासकीय निधीचा ओघ अपघाताच्या अलीकडे वळविणे अगत्याचे आहे. उन्हाळी धानाला रात्री पाणी देताना सापाचे व रानडुकराचे भय असते. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळाल्यास ते कमी होते. यंत्रखरेदीस अनुदान देताना मळणीयंत्राची पेंढ्या सरकविण्याची पन्हळ पुरेशी लांब असून तिचा यंत्राकडील भाग झाकलेला आहे, पट्ट्यावर आच्छादन आहे, हे कटाक्षाने पाहावे. मळणीयंत्रासारख्या धोकादायक यंत्रांसाठी १९८३ पासून केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे. तो कागदावरच राहू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तुडतुड्यांवर फवारणी करणाऱ्याने तो धडा विसरू नये. हातमोजे व मुखपट्टी ही औषधाच्या बाटलीइतकीच आवश्यक सामग्री होय.

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक साधी गोष्ट करावी. अनुदानाच्या प्रत्येक प्रकरणात अपघाताचे कारण नोंदविलेले असते. मयताचे नाव न घेता ही कारणे वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावीत आणि पुढील हंगामापूर्वी काय दुरुस्त करावयाचे ते तेथेच ठरवावे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिद्ध केलेल्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी सेवेवरून विजेची पूर्वसूचना मिळते. ती रोवणीच्या प्रत्येक टोळीपर्यंत पोचविण्यास खर्च लागत नाही. साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हेही वारंवार सांगावे.

अनुदानाचे अर्ज किती मंजूर झाले, यावर योजनेचे यश मोजणे पुरेसे नाही. ज्या गावात असा अर्ज करण्याचा प्रसंगच ओढवत नाही, त्या गावाने शासनाच्या पैशाचा खरा उपयोग केला असे म्हणावे लागेल.