पन्हाळ्याच्या पायथ्याची आफ्रिका

कॅम्पस फिल्म फेस्टिव्हल म्हटलं की मेनू ठरलेला. दोन इराणी, एक कोरियन, एखादा ‘अरे, हा तू अजून बघितला नाहीस?’ छाप फ्रेंच, आणि शेवटी प्रमुख पाहुण्यांचं भाषण. त्यामुळे कोल्हापूरकडे मास कॉम शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राने यंदाची थीम सांगितली तेव्हा मी जरा सावरून बसले. जगभर पसरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं गाणं, नाच, नाटक आणि सामाजिक न्याय. ‘लिस्ट तू काढ,’ म्हणाला. वर पुस्ती जोडली, ‘पण पोरांना हे सगळं लई लांबचं वाटणार गं.’

लांबचं? आमचं हे बोलणं चाललं होतं जोतिबाच्या डोंगरावर. रविवार, म्हणजे देवाचा वार. अंगावर गुलाल, कानात हलगी. आणि समोर पन्हाळा. १६६० मध्ये त्या गडाला वेढा घालून बसलेला सरदार कोण होता? सिद्दी जौहर. चौथीच्या पुस्तकापासून आपण त्याला ओळखतो, पण ‘सिद्दी’ म्हणजे आफ्रिकी वंशाचा माणूस, हे आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात असतं? आपल्यासाठी तो फक्त व्हिलन. गंमत म्हणजे तोच वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलालही आला होता, म्हणजे शिवाजी महाराजांच्या बाजूने. गडाच्या आत-बाहेरच्या त्या गोष्टीत दोन्हीकडे आफ्रिका होती. आपण एकच लक्षात ठेवली.

तिकडे मराठवाड्यात मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला. ज्या खडकी गावाचं पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं, ते त्याने १६१० मध्ये वसवलं. शाळेत हा धडा परीक्षेपुरता येतो आणि जातो.

लिस्टमधलं पहिलं नाव मला तिथेच सुचलं. ‘रिदम ऑफ दम्माम’, दिग्दर्शक जयन चेरियन, २०२४. गोव्याच्या इफ्फीत दाखवला गेला होता. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींची गोष्ट, आणि त्यात काम करणारेही सिद्दीच. बारा वर्षांच्या जयरामला मेलेल्या आजोबांचं भूत झपाटतं आणि त्यातून गुलामगिरीची जुनी जखम उघडी पडते. दम्माम म्हणजे त्यांचा ढोल, आणि त्यावरचा नाचही. ही माणसं कुठली? बेळगाव ओलांडून पुढे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यातली. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी बरेच जण घाटात पळून आले, त्यांचे हे वंशज. घरात बोलतात ती एक प्रकारची कोंकणी. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणजे आपल्याच कारभारात. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला मात्र २००३ उजाडावं लागलं.

दुसरा सिनेमा ‘समर ऑफ सोल’. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एक भन्नाट संगीत महोत्सव झाला. त्याच उन्हाळ्यातलं वुडस्टॉक जगभर गाजलं आणि याचं फुटेज जवळपास पन्नास वर्षं पडून राहिलं. २०२१ मध्ये त्याची डॉक्युमेंटरी झाली, तिला ऑस्करही मिळालं. हे आपल्या पोरांनी का बघायचं? बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले, आणि कोलंबिया हार्लेमला अगदी लागून आहे. पुढे १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. आपली आणि त्यांची ओळख जुनी आहे.

खरं तर त्याहूनही जुनी, आणि हा दुवा तर आम्ही उभे होतो त्याच डोंगरावरचा. महात्मा फुल्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, जोतिबाच्या जत्रेच्या दिवशीचा, म्हणून नाव जोतिबा, असं सांगतात. त्याच फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा ना इंटरनेट, ना नेटफ्लिक्स. पुण्यात बसून या माणसाला कळलं होतं की तिकडची बेडी आणि इकडची बेडी एकाच लोखंडाची आहे. ‘तृतीय रत्न’ हे नाटक तर त्यांनी १८५५ मध्येच लिहिलं होतं. म्हणजे परफॉर्मन्स आणि सामाजिक न्याय ही थीम आपल्याकडे कुणी फॉरेनहून आणायची गरजच नाही.

म्हणून तिसरा सिनेमा आपला. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’. १९९७ मध्ये रमाबाई नगरात गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. तिथून पुढे चौदा वर्षं कॅमेरा गाणाऱ्या माणसांमागे फिरत राहिला. जवळजवळ तीन तासांचा आहे, मधे चहा ठेवा.

मित्राला लिस्ट आवडली. मग म्हणाला, ‘उद्घाटनाला सिद्दींचा ग्रुप बोलवू या. दहा मिनिटं नाच. पाहुणे येईपर्यंत पब्लिक बसून राहील.’

इथे आमचं वाजलं. आपल्याला त्यांचा नाच चालतो हो, नेहमीच चाललाय. हलगी नाही का चालत? जत्रेत हलगी, घुमकं आणि कैताळाशिवाय सासनकाठी हलत नाही, पण वाजवणाऱ्याला पंगतीत कुठे बसवायचं हा प्रश्न कितीतरी गावांत परवापरवापर्यंत होता. आणि शहरातले आपण फार पुढारलेले? पुण्यात शिकायला आलेल्या एखाद्या आफ्रिकी पोराला फ्लॅट दाखवताना ब्रोकरचा आवाज कसा बदलतो, ऐका कधीतरी. वीकेंडला त्याच पोराच्या देशातल्या बीट्सवर आपण पबमध्ये नाचत असतो.

तर मी अटी घातल्या. नाच उद्घाटनाला नाही, सिनेमानंतर. नाचून झाल्यावर माईक त्यांच्या हातात, आणि बोलायला किमान अर्धा तास. मानधन पाहुण्यांइतकंच, आणि उतरायची सोय पाहुण्यांच्याच हॉटेलात. शक्य असेल तर स्टेजवर कोल्हापुरातले हलगीवालेही हवेत, दम्मामच्या शेजारी, आणि त्यांनाही माईक.

मित्र बराच वेळ बोटांवर आकडे मोजत बसला. मग म्हणाला, ‘पाहुणे कमी करतो.’

काल त्याचा मेसेज आला. मुख्य पाहुण्यांचं भाषण पंधरा मिनिटांवर आणलंय. हलगीवाले तयार आहेत, फक्त त्यांनी विचारलंय की बोलायचं काय. मी कळवलंय, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.