जखमांचे कोष्टक आणि मनाचा धसका

11 जुलै 2006 रोजी सायंकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत स्फोट झाले. 180 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, आठशेहून अधिक जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा गर्दीने भरून धावू लागल्या. त्याला मुंबईचे ‘स्पिरिट’ म्हटले गेले. रोजीरोटीसाठी ज्याला दुसरा मार्गच नाही, त्याच्या नाइलाजाला धैर्याचे प्रशस्तिपत्र देणे सोपे असते.

21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातील सर्व 12 आरोपींना निर्दोष ठरवले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. चर्चा स्वाभाविकपणे पुरावे आणि तपास यांभोवती फिरली. डब्यात असलेल्यांच्या जखमांचा हिशेब कसा मांडला जातो, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो हिशेब रेल्वेच्या भरपाई नियमांत आहे. 1990 च्या या नियमांना जोडलेल्या परिशिष्टात कोणता अवयव गमावल्यास किती रक्कम, याचे कोष्टकच दिले आहे. हात, पाय, अंगठा, दृष्टी, अस्थिभंग, अगदी संपूर्ण बहिरेपणाही त्यात आहे. मनाला झालेल्या इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. कोष्टकाबाहेरच्या वेदना व यातनांसाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आपल्या विवेकाने रक्कम देऊ शकते. पण तीही मर्यादेत, आणि वैद्यकीय पुरावा पाहून. अपघात विभागाच्या कागदावर हाड आणि रक्त यांची नोंद होते, भीतीची सहसा होत नाही.

मुळात शरीर आणि मन अशी वाटणी स्फोटाच्या बाबतीत टिकत नाही. बंद डब्यात दाबाची लाट भिंतींवर आपटून परतते आणि तिचा पहिला बळी बहुधा कानाचा पडदा ठरतो. अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसाच्या कानात महिनोन्महिने शिट्टी वाजत राहते आणि प्रत्येक वेळी तो क्षण जागा होतो. ही जखम शरीराची की मनाची?

शिवाय एकाच डब्यातील दोघांचा आघात सारखा नसतो. एक जण पाय मोडूनही कुटुंबाच्या आणि नोकरीच्या आधाराने सावरतो. दुसरा सुखरूप सुटूनही, शेजारचा गेला आणि आपण का राहिलो, या विचाराने पोखरला जातो. रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना बाहेर काढले. ते प्रवासी नव्हते, म्हणून त्यांनी जे पाहिले त्याची नोंद या कोष्टकात होण्याचा प्रश्नच नव्हता. ‘धसका घेतला’ असे मराठीत सहज म्हटले जाते. असा धसका घेतलेला माणूस फॅमिली डॉक्टरकडे जातो तो छातीत धडधडते, झोप लागत नाही, अशी शरीराचीच तक्रार घेऊन.

बहुतेक लोक काळाच्या ओघात सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र त्रास रेंगाळतो किंवा कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये त्याला आघातोत्तर ताणविकृती, अर्थात ‘पीटीएसडी’, असे नाव दिले. सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत आपद्‌ग्रस्ताला घडलेले सांगण्यास भाग पाडू नये, असे बजावले आहे. रुग्णशय्येपाशी माइक धरणाऱ्यांनी ती वाचायला हरकत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराला अपंगत्वाच्या यादीत स्थान आहे. रेल्वे भरपाईच्या रकमा 1 जानेवारी 2017 पासून दुप्पट झाल्या, मृत्यूसाठीची रक्कम चार लाखांवरून आठ लाखांवर गेली; मनाच्या इजेला मात्र कोष्टकात जागा मिळाली नाही. आणि दावा दाखल करण्याची मुदत आहे घटनेपासून एक वर्ष. विलंबाचे सबळ कारण पटवून दिल्यास ती शिथिल होऊ शकते. पण दीड वर्षाने लोकलच्या दारातून मागे फिरलेल्या माणसाने ते कोणत्या कागदाने पटवायचे, याचे उत्तर नियमांत नाही.