दोघांना पुरेल का?

जुळी जन्मली की बाळंतिणीच्या खाटेशी येणारे माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते: दोघांना पुरेल का? विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण थकलेल्या, कित्येकदा पोटावर टाके असलेल्या आईच्या मनात तो प्रश्न घर करून बसतो. दोन दिवसांत पावडरच्या दुधाचा डबा येतो. बाळे बाटलीला लागतात, अंगावर कमी ओढतात आणि आईचे दूध खरोखरच आटू लागते. मग सगळे म्हणतात, बघा, पुरले नाहीच. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावसारख्या, कोसा रेशमाच्या मागावर आणि धानाच्या शेतीवर जगणाऱ्या गावात दोन बाळांना पुरतील एवढे डबे महिनोन्‌महिने विकत घेणे विणकराच्या किंवा मजुराच्या घराला झेपणारे नाही. मग पावडर पातळ केली जाते, आणि बाळे भरल्या बाटलीने उपाशी राहतात.

म्हणून दूध येते कसे, हे आधी समजून घ्यायला हवे. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतल्या ग्रंथीतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते. छाती जितक्या वेळा आणि जितकी रिकामी होते, तितके नवे दूध बनते. भरलेलीच राहिली तर बनणे मंदावते. एकट्या बाळाची आई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध देते. जुळ्यांना पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आयांचे दूध मोजून पाहिले गेले आहे, आणि ते दीड लिटर व त्याच्याही पुढे गेलेले दिसले आहे. दोन बाळे ओढतात म्हणून शरीर दोघांपुरते दूध बनवते. प्रसूतीत खूप रक्त गेलेल्या किंवा थायरॉईडसारखा आजार असलेल्या काही आयांना कमी दूध येते, हेही खरे. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागले तर त्यात आईचा काही दोष नाही, आणि जेवढे अंगावरचे मिळेल तेवढे बाळाच्या कामी येतेच.

खरी अडचण निराळी आहे. निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवडे भरण्याआधीच येतात आणि वजनाने कमी असतात. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी आलेले बाळ छातीशी लावले तरी पोट भरेल एवढे ओढू शकत नाही. त्याला ‘पेटीत’ ठेवतात, म्हणजे भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयातल्या नवजात कक्षात, आणि आई दुसऱ्या वॉर्डात राहते. छाती भरलेली, बाळे दूर, आणि ओढायला कुणी नाही. आईचे दूध राहणार की जाणार, हे बऱ्याच अंशी याच पहिल्या आठवड्यात ठरते.

भंडाऱ्याच्या नवजात कक्षाचे नाव निघाले की या जिल्ह्याला ९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवते. कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर एखादी आजी ‘पेटीत नको’ म्हणाली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरीही दीड किलोच्या बाळाला त्या कक्षाची गरज असते. आजीला भरवसा वाटेल असा कक्ष, आणि त्या कक्षात आईला बसायला जागा, हे शासनाचे देणे आहे.

बाळे दूर असतील तेव्हा त्यांच्या ओढण्याचे काम हाताने किंवा पंपाने करावे लागते. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, दूध काढायला सुरुवात करावी. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढावे, आणि रात्रीची वेळ चुकवू नये, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते. सुरुवातीचा चीक घट्ट आणि थोडा असतो. तो पंपाच्या नळीला चिकटून वाया जातो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस हातच बरा. हात साबणाने धुवावेत, वाटी उकळून घ्यावी. अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे मागे दाबावीत, मग एकमेकांकडे दाबावीत आणि सोडावीत. कातडीवरून बोटे घासू नयेत. चार-पाच मिनिटांनी बाजू बदलावी. एका वेळेला वीस ते तीस मिनिटे लागतात. पहिल्या दिवशी चमचाभर निघाला तरी तो फुकट नाही, बाळाचे पोटही तेवढेच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दूध वाढते. पंप वापरायचा तर त्याचे तोंड आईच्या मापाचे हवे. दुखत असेल तर माप चुकले आहे, आणि सोसत राहिल्याने दूध वाढत नाही. वाटीत किती जमले, यावरून आईला दूध किती आहे हे ठरवू नये. चांगले ओढणारे बाळ पंपापेक्षा जास्त काढते.

काढलेले दूध झाकून सावलीत, गार जागी चार तासांपर्यंत चालते, फ्रीजमध्ये एक दिवस. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा बाहेरचे चार तासही धरू नयेत. काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा आपल्या घरातल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. बोंडले उकळता येते, घासता येते. बाटलीच्या बुचाच्या खाचेत राहिलेले दूध आंबते आणि त्यातून हगवण लागते. कमी वजनाच्या बाळाला ती झेपत नाही.

आईचे दूध ही रुग्णालयाने सांभाळायची वस्तू आहे, हे महाराष्ट्राने देशाला दाखवून दिले. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. जास्तीचे दूध असलेल्या आया ते देतात, त्यांची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून गोठवले जाते आणि ज्यांच्या आईचे दूध अजून आलेले नाही अशा बाळांना दिले जाते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांसाठी याच वाटेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मोठ्या रुग्णालयात पेढी. त्याखाली आईचे दूध काढून तिच्याच बाळासाठी साठवणारा कक्ष. आणि जिथे जिथे प्रसूती होते तिथे आईला शिकवणारे माणूस. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. तिला एक खुर्ची, एक पडदा, वाट्या उकळायची सोय आणि अर्धा तास शेजारी बसणारी सिस्टर एवढेच लागते. जुळ्यांच्या आईला सुटी देताना ‘दूध पाजत जा’ एवढे सांगून पाठवणे पुरेसे नाही. तसेच, तिच्या हातात पावडरच्या डब्याची चिठ्ठी कारणाशिवाय पडू नये. बाळाच्या पावडर दुधाची जाहिरात आणि फुकट नमुने यांना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

घरी आल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो. दोघांना एकाच वेळी पाजता येते: दोन्ही बाजूंना गोधडीची घडी घ्यावी आणि बाळांचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील असे धरावे. वेळ वाचतो, आणि जोरात ओढणाऱ्या बाळामुळे पान्हा सुटला की अशक्त बाळालाही सोपे जाते. रोज बाजू बदलावी. दुबळे बाळ ओढता ओढता झोपले तर उरलेले काढून त्यालाच पाजावे. जुळ्यांत एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर आधी कुणाला घेतले जाते आणि उरलेले कुणाला मिळते, याकडे घरातल्या मोठ्या बाईने डोळ्यांत तेल घालून पाहावे. जास्त दूध लागते ते कमी वजनाच्या बाळाला, मग ते कुणीही असो.

पोट भरते की नाही, हे रडण्यावरून कळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून प्रत्येक बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करावी आणि वजन वाढत राहावे. वजनाचा काटा आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेच्या, पिशवीत असतो. तिच्या घरभेटीची पद्धत विदर्भातच घडलेली आहे: शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला दिसला. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येते. जुळ्यांच्या घरी एवढ्यावर भागत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तिने दर दोन-तीन दिवसांनी जावे आणि त्या फेऱ्यांचे पैसे तिला मिळावेत. वजन घसरत असेल, बाळ सुस्त झाले असेल किंवा अंग गार पडले असेल, तर थांबू नये, सरळ दवाखाना गाठावा.

आईच्या ताटाविषयीही बोलायला हवे. एका बाळाला पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. दोघांना पाजणारीला त्याहून बरेच अधिक. हळीव आणि डिंकाचे लाडू चांगलेच, पण पथ्याच्या नावाखाली वरण, भाजी आणि पाणी तोडायचे आणि दूध येत नाही म्हणायचे, हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्याकडून पाजणे सोडून बाकी सारे काढून घ्यावे. ढेकर काढणे, दुपटी धुणे, बोंडले उकळणे, रात्री एकाला मांडीवर घेऊन बसणे ही कामे बाळांच्या बापाला आणि आजोबांनाही जमतात. तिला दूध कमी पडले असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिला झोप आणि माणसे कमी पडलेली असतात.

आणि मग कामाचा प्रश्न येतो. नोकरदार बाईला मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. मागासाठी कांड्या भरणारीला आणि दुसऱ्याच्या बांधीत धान लावणारीला ती रजा लागू होत नाही. मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात, पण रोवणीचा, म्हणजे धान लावणीचा, हंगाम बुडाल्याची भरपाई त्यातून होत नाही. जागतिक स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्टला येतो, आणि पाऊस वेळेवर झाला तर नेमकी तेव्हाच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रोवणी भरात असते. ज्यांच्यासाठी सप्ताह आहे त्या आया चिखलात वाकलेल्या असतात. ग्रामपंचायतीने त्या आठवड्यात शेतमालकांची आणि रोवणीच्या टोळ्यांची एक बैठक घ्यावी. पाजणाऱ्या आईला सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास घरी जाऊन येता यावे, किंवा बाळे बांधावर आणली तर सावली आणि हात धुवायला स्वच्छ पाणी असावे, आणि तिची मजुरी कापली जाऊ नये. ठेक्याच्या रोवणीत हे अवघड आहे, कारण एकीचा अर्धा तास बाकीच्या बायकांच्या अंगावर पडतो. शेतमालकाने तो वेळ ठेक्याच्या रकमेतच धरला, तर टोळीतल्या कुणालाही तिच्याकडे रागाने पाहावे लागणार नाही.