मावळे विकतचे की घरचे?

बालमित्रांनो, 'वॉरहॅमर' या खेळाचा 'स्केव्हनटाइड' हा नवा संच २०२४ साली आला. त्यातले उंदीरसैनिक सुटे, बिनरंगाचे असतात; जोडायचे नि रंगवायचे आपणच. ही रीत मला फार आवडते.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मात्र आपण भारतातून रंगवलेलेच आणतो. यंदा मातीचे घरीच करू या. नाक वाकडे झाले तरी चालेल!

आपण ओमानमध्ये राहतो, म्हणून शेजारी निझवाचा गोल बुरूजही बांधा. तो उभारणारे इमाम सुलतान बिन सैफ शिवरायांचेच समकालीन. १६५० साली त्यांनी पोर्तुगीजांकडून मस्कत जिंकले.

पालकांनो, माती-रंग आणून द्या, पण हात मुलांचेच लागू द्या. विकतचा मावळा हरवला तर दुसरा आणता येतो. स्वतः घडवलेला मुले जिवापाड जपतात.